क्रॉस स्लाइडचा डीआरओ चुकतो तेव्हा: नवी स्केल घेण्याआधी

बेळगावच्या खानापूर रस्त्यावर लहान वर्कशॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सहा फुटी लेथवर दोन वर्षांपूर्वी काचेच्या स्केलचा दोन अक्षांचा डीआरओ, म्हणजे स्लाइड किती सरकली ते आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट, बसवला. बेडवर लांबीच्या दिशेने सरकणाऱ्या सॅडलचा, म्हणजे झेड अक्षाचा आकडा अजूनही बरोबर येतो. टूल जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचा, म्हणजे एक्स अक्षाचा आकडा मात्र जूनपासून भरवशाचा राहिलेला नाही. पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजून आकडा भरला तरी पाचव्या-सहाव्या जॉबपर्यंत व्यासात ०.०६ ते ०.१२ मिलिमीटरचा फरक पडतो आणि कधी कधी दिवसभर काहीच होत नाही. मोटरला मार्चमध्ये व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला आहे. विक्रेत्याने 'स्केल गेली, नवी घ्या' असे सांगितले आहे. तर स्केल बदलावी का?

आज तरी बदलू नका. स्केल खराब असेलही, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून ते ठरत नाही. उद्यमबागेत आणि मच्छेच्या बाजूला मी २६ वर्षे लेथ-मिलिंगची देखभाल करतो आहे. या काळात 'स्केल गेली' म्हणून माझ्याकडे आलेल्या कामांपैकी निम्म्याहून अधिक वेळा स्केल ठणठणीत निघाली. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण वेगळीच आहे: जॉबचा व्यास चुकला म्हणजे डीआरओचा आकडा चुकला, असे तुम्ही धरून चालला आहात. डीआरओला फक्त एवढेच कळते की वाचणारे हेड स्केलच्या तुलनेत किती सरकले. टूलची धार तेवढीच सरकली की नाही, जॉब वाकला का, टूलपोस्ट हलला का, यातले काहीही त्याला ठाऊक नसते. म्हणून आकडा चुकतो आहे की मशीन चुकते आहे, हे आधी वेगळे काढावे लागेल. त्यासाठी एक डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे), एक मॅग्नेटिक स्टँड आणि अर्धा तास पुरेसा आहे.

त्याआधी आत काय चालते ते थोडे सांगतो, कारण पुढच्या सगळ्या चाचण्या त्यावरच उभ्या आहेत. आपल्याकडच्या लेथवर दिसणाऱ्या बहुतेक काचेच्या स्केलवर दर २० मायक्रॉनला एक अशा बारीक रेषा असतात. हेडमधला दिवा त्या रेषांतून प्रकाश टाकतो आणि पलीकडचे सेन्सर त्यातून दोन सिग्नल तयार करतात. हे दोन सिग्नल एकमेकांपेक्षा पाव फेरा मागेपुढे असतात. त्यातला कोणता आधी बदलला यावरून डिस्प्ले दिशा ओळखतो आणि एका फेऱ्याचे चार भाग करून ५ मायक्रॉनचा एक टप्पा मोजतो. म्हणजे डिस्प्लेला जागा ठाऊक नसते. तो पावले मोजत असतो. एखादे पाऊल निसटले तर तो ते आपणहून भरून काढत नाही आणि पुढचा प्रत्येक आकडा तेवढ्याने चुकीचाच राहतो.

निदानाची किल्ली इथेच आहे. पावले निसटत असतील तर चूक साठत जाते. ब्रॅकेट सैल असेल, गिबमध्ये (स्लाइडची फट भरणाऱ्या पट्टीत) ढिलेपणा असेल किंवा टूलपोस्ट हलत असेल तर चूक साठत नाही. ती ठरावीक मर्यादेत इकडून तिकडे होते आणि बऱ्याचदा दिशेवर अवलंबून असते. तुमच्या वर्णनात 'पाचव्या-सहाव्या जॉबपर्यंत' असे शब्द आहेत, त्यावरून चूक साठते आहे असे वाटते. पण तेवढ्या अवधीत टूल झिजले, इन्सर्टच्या (टूलच्या टोकावरच्या बदलत्या पातीच्या) धारेवर धातू चिकटला किंवा जॉब गरम असतानाच मोजला गेला, तरी चित्र असेच दिसते. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब १० अंशांनी गरम असेल तर तो जवळजवळ ०.०१ मिलिमीटर मोठा मोजला जातो. तुमची चूक याहून बरीच मोठी आहे, म्हणून केवळ उष्णतेवर मी तिचे खापर फोडणार नाही.

आता डायलची चाचणी. सुरुवातीला डिस्प्ले व्यासावरून त्रिज्येवर आणा. हे न करता डायलशी ताळा घालणारे लोक मी पाहिले आहेत. डायल ५ दाखवतो, डिस्प्ले १० दाखवतो आणि मग भलतीच दुरुस्ती सुरू होते. तुमची व्यासातली ०.०८ ची चूक म्हणजे स्लाइडची ०.०४ ची चूक, हेही ध्यानात असू द्या. मॅग्नेटिक स्टँड बेडवर न लावता सॅडलवर लावा, म्हणजे सॅडल किंचित सरकले तरी मापात भेसळ होणार नाही. डायलचा प्लंजर क्रॉस स्लाइडच्या अंगाला, स्केलच्या जितका जवळ टेकवता येईल तितका टेकवा आणि दोन्ही आकडे शून्य करा. मग हँडलने स्लाइड ८ मिलिमीटर पुढे नेऊन परत आणा. असे दहा वेळा, काही वेळा सावकाश, काही वेळा झपाट्याने. दर वेळी डायल शून्यावर आणून थांबवा आणि त्या क्षणी डिस्प्ले काय दाखवतो ते कागदावर लिहा. पहिले दहा आकडे एकाच दिशेने शून्यावर येऊन घ्या, नंतरचे दहा उलट दिशेने.

एखाद-दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे ०.०१ पर्यंतचा फरक सोडून द्या. तेवढा डायलचाही असतो. फरक ०.०२, ०.०४, ०.०६ असा वाढत गेला तर मोजणी निसटते आहे. एका दिशेने शून्य आणि उलट दिशेने दर वेळी ०.०३ असे आले तर हेडचे ब्रॅकेट लवते आहे किंवा त्याचा स्क्रू सैल आहे. ॲलन की घ्या, विषय तिथेच संपेल. आणि डायल व डिस्प्ले वीसच्या वीस वेळा जुळले तर डीआरओ निर्दोष आहे, निदान त्या ८ मिलिमीटरपुरता तरी. हे 'निदान' महत्त्वाचे आहे. काचेवर एकाच जागी डाग असेल तर तो या टप्प्याबाहेर असू शकतो. म्हणून यानंतर स्लाइड पूर्ण मागे नेऊन, पूर्ण प्रवास करवून पुन्हा डायलच्या शून्यावर आणा. मध्ये प्लंजर सुटून पुन्हा टेकला तरी चालतो.

सगळे जुळले आणि तरी व्यास चुकतो, असे झाले तर डायलचा प्लंजर स्लाइडवरून काढून टूलच्या शँकवर टेकवा आणि टूलपोस्ट हाताने जोर लावून ढकलून पाहा. क्रॉस स्लाइडच्या वर, टूलपोस्टखाली असलेल्या छोट्या कंपाउंड स्लाइडवर स्केल नसते. ती हलली तर डिस्प्लेला पत्ताही लागत नाही. कित्येक टर्नर सवयीने शेवटचा बारीक कट कंपाउंडने देतात आणि मग डीआरओ चुकतो म्हणतात. कंपाउंडचा गिब घट्ट करा. शिवाय स्केल क्रॉस स्लाइडच्या बाजूला असते, टूलच्या रेषेत नसते. मोजपट्टी मापाच्याच रेषेत असावी हे तत्त्व अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडले होते आणि लेथवर आपण ते नाइलाजाने मोडतो. स्केल टूलपासून १५० मिलिमीटर बाजूला असेल आणि गिब सैल असल्यामुळे स्लाइड मीटरला केवळ ०.१ मिलिमीटर इतकी तिरकी झाली, तरी टूलच्या टोकाला ०.०१५ आणि व्यासात ०.०३ चा फरक पडतो. यात डीआरओला दोष देता येत नाही.

तरीही तुमच्याकडे मोजणीच निसटत असावी, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर ती दोन कारणांनी निसटते: काचेपर्यंत प्रकाश नीट पोहोचत नाही, किंवा तारेतून येणाऱ्या सिग्नलमध्ये बाहेरचा विजेचा गोंधळ मिसळतो.

विजेचा गोंधळ तपासायला स्लाइड हलवायचीच नाही. क्रॉस स्लाइड लॉक करा, एक्स शून्य करा आणि स्पिंडलचा लिव्हर न्यूट्रलला ठेवून मोटर चालू करा. स्पिंडल फिरत नसल्याने कंपन कमी राहते आणि व्हीएफडी मात्र पूर्ण काम करत असतो. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर दोन-दोन मिनिटे चालवा. त्यानंतर मोटर वीस वेळा चालू-बंद करा, मग कूलंट पंप वीस वेळा चालू-बंद करा. स्लाइड जागेवर असताना आकडा सरकला तर काचेचा काही संबंध नाही.

मच्छेच्या एका शॉपमध्ये हीच तक्रार होती. मालक म्हणत होते की आकडा 'मनाला येईल तेव्हा' उडतो. दुसऱ्या पाळीच्या टर्नरला मी सांगितले की आकडा उडाला की वेळ लिहून ठेव आणि त्या वेळी काय चालू होते, काय बंद होते तेही लिही. त्याने हेडस्टॉकच्या दारावर वहीचे पान चिकटवले आणि तीन दिवस कन्नडमध्ये नोंदी केल्या. मला कन्नड बोलता येते, पण वाचताना अडखळतो. त्यानेच बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. अकरा ओळींपैकी नऊ ओळींत कूलंट पंप होता आणि नऊही वेळा पंप बंद करताना आकडा उडाला होता, चालू करताना एकदाही नाही. पंप चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वीज तुटताना ती जो धक्का मारते, तो शेजारून गेलेल्या एक्सच्या केबलमध्ये उतरत होता. कॉइलवर तो धक्का शोषणारा, योग्य व्होल्टेजचा आरसी स्नबर बसवला, केबल पंपाच्या वायरीपासून बाजूला घेतली आणि तक्रार थांबली. तोवर मालकांनी नवी स्केल आणून ठेवली होती. ती अजून खोक्यातच आहे.

व्हीएफडी दोषी निघाला तर मोटरकडे जाणारी केबल शील्डची असावी, तिचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेले असावे आणि डीआरओची केबल तिच्याबरोबर एकाच पाइपातून कधीही नेऊ नये. दोन्ही केबल एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडू द्या. लेथचा बेड आणि डिस्प्लेची बॉडी एकाच अर्थ पॉइंटला जोडा. सप्लाय बंद करून मल्टिमीटरने या दोहोंमधला रोध मोजा. तो एक ओहमच्या आत यायला हवा. पंधरा फूट लांब एक्स्टेन्शन बोर्डावरून डिस्प्लेला वीज देण्याची आपल्याकडची पद्धत सोडा, कारण त्या बोर्डाच्या अर्थ पिनला आत तारच नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. व्हीएफडीचे झाकण मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज काही मिनिटे टिकून असतो. ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे.

तुमच्या बाबतीत व्हीएफडीवर माझा पहिला संशय नाही. तो मार्चमध्ये बसला आणि तक्रार जूनमध्ये आली; मधले तीन महिने तो गप्प का राहिला? पावसाळ्यात माती ओली होते आणि अर्थिंग बिघडण्याऐवजी सुधारते. जूनमध्ये बदलली ती हवा. कणकुंबी-जांबोटीकडून येणारा पाऊस सुरू झाला की खानापूर पट्ट्यातल्या शेडमध्ये सकाळी मशीनच्या उघड्या लोखंडावर हात फिरवला तर तो ओला होतो. तोच दमटपणा स्केलच्या आत काचेवर बसतो. काचेवर आधीच तेलाचा पातळ थर असेल तर दवाचे बारीक थेंब त्यावर चिकटून राहतात आणि प्रकाश विखुरतो. काही दिवस काहीच होत नाही असे तुम्ही लिहिले आहे. ते दिवस उघडिपीचे होते का, आणि चूक सकाळच्या पहिल्या तासात जास्त होते का, हे आठवून पाहा. झेड स्केल बेडच्या मागे, त्यामानाने सुरक्षित असते. एक्स स्केल चकजवळ, कूलंटच्या माऱ्यात असते. झेड ठीक आणि एक्स बिघडलेला, हे याच संशयाला पुष्टी देणारे आहे. जूनमध्ये तुम्ही बिडाचे जॉब घ्यायला सुरुवात केली असेल तर संशय आणखी पक्का होतो. बिडाची धूळ तेलात मिसळली की तिचा काजळासारखा काळा लेप होतो आणि तो स्केलची फट झाकणाऱ्या रबराच्या ओठांमधून आत शिरतो. त्याला आत ढकलण्याचे काम बहुतेक वेळा आपणच करतो, एअर गनने. लेथ साफ करताना स्केलकडे कधीही हवा मारू नका.

स्केल उघडण्याआधी आणखी एक चाचणी करा, तिला काही खर्च नाही. डिस्प्ले बंद करून मागचे दोन्ही प्लग अदलाबदल करा: एक्सची स्केल झेडच्या सॉकेटला आणि झेडची एक्सच्या सॉकेटला. आकडे वेगळ्या प्रमाणात दिसतील, कारण एका सॉकेटचे सेटिंग व्यासाचे आहे आणि दोन्ही स्केलचे रिझोल्यूशन वेगळे असेल तर आणखी फरक पडेल. आकड्याकडे नव्हे, चुकीच्या स्वभावाकडे पाहा. चूक एक्सच्या सॉकेटलाच चिकटून राहिली तर डिस्प्ले दोषी. चूक एक्सच्या स्केलबरोबर झेडच्या सॉकेटला गेली तर स्केल, तिची केबल किंवा त्या केबलमध्ये उतरणारा गोंधळ, यांपैकी काहीतरी. इथे बरेच जण फसतात आणि चूक स्केलमागे गेली म्हणजे स्केल मेली असे समजतात. प्लग बदलला तरी केबलचा रस्ता तोच राहतो, हे ते विसरतात.

प्लग काढलाच आहे तर पिनांवर हिरवट थर दिसतो का, तेही पाहा. केबलला हेडजवळ जिथे वाक पडतो तिथे ती हळूच हलवत डिस्प्लेकडे लक्ष ठेवा. स्लाइड सरकवताना आकडा पुढे जाण्याऐवजी एकाच टप्प्यात पुढे-मागे नाचत असेल, व्यासाच्या सेटिंगवर ०.००० आणि ०.०१० असा, तर दोनपैकी एक सिग्नल मेला आहे. अशा वेळी बहुधा तार तुटलेली किंवा सोल्डर सुटलेले असते आणि ते शंभर-दोनशे रुपयांत दुरुस्त होते.

आता स्केल उघडण्याबद्दल. काढण्याआधी हेड कोणत्या बाजूने बसले आहे याचा फोटो घ्या. एका टोकाचे झाकण काढून हेड सरळ रेषेत बाहेर घ्या, तिरके ओढू नका; आतले छोटे बेअरिंग काचेच्या कडेवर चालतात आणि तिरक्या ओढीने काचेचा टवका उडतो. तंतू न सुटणारे मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून काच एकाच दिशेने पुसा. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन वापरू नका; काच धरून ठेवणारा डिंक आणि रबर दोन्ही खराब होतात. काच उजेडात तिरकी धरून पाहा. लेप निघाला आणि खाली रेषा अखंड असतील तर स्केल वाचली. आडवा ओरखडा असेल किंवा काच तडकली असेल तर मात्र विक्रेत्याचे म्हणणे खरे, आणि नवी घेणेच बरे.

परत बसवताना स्केलची बॉडी डायल लावून दोन्ही प्रतलांत ०.१ मिलिमीटरच्या आत समांतर करा. तिरकेपणामुळे माप चुकते असा समज आहे, पण ५०० मिलिमीटरमध्ये १ मिलिमीटर तिरकेपणा असला तरी मापात केवळ १ मायक्रॉनचा फरक पडतो. त्याने खरे नुकसान होते ते हेडचे. एका टोकाला हेड घासते, दुसऱ्या टोकाला फट वाढते आणि मग पावले निसटू लागतात. फट ठेवायला स्केलबरोबर प्लास्टिकचा तुकडा आला असेल तर तो वापरा, हरवला असेल तर माहितीपत्रकात दिलेली फट ठेवा. रबराचे ओठ खाली किंवा चिप्सच्या उलट दिशेला येतील असे पाहा आणि वरून पत्र्याचे झाकण लावा. घट्ट करण्याआधी स्लाइड दोन्ही टोकांपर्यंत हाताने नेऊन हेड स्केलच्या टोकावर आदळत नाही ना, याची खात्री करा.

डिस्प्लेमधल्या कॉम्पेन्सेशनच्या सेटिंगला यातल्या कुठल्याही टप्प्यावर हात लावू नका. जी चूक दर वेळी सारख्याच प्रमाणात येते, २५ ला ०.०५ आणि ५० ला ०.१०, तिच्यासाठी ते आहे. तुमची चूक कधी येते, कधी येत नाही. ती कॉम्पेन्सेशनने झाकली तर बरोबर येणारे दिवसही बिघडतील.

स्केल दुरुस्त होईपर्यंत काम थांबवण्याची गरज नाही. क्रॉस स्लाइडच्या हँडलवरची आकडे कोरलेली जुनी रिंग वापरा, बॅकलॅश (स्क्रूचा ढिलेपणा) काढून दर वेळी एकाच दिशेने मापावर या आणि प्रत्येक जॉब थंड झाल्यावर मायक्रोमीटरने मोजा. डायलच्या चाचणीचे वीस आकडे, प्लग बदलल्यावर चूक कुणामागे गेली ते, आणि चूक सकाळी जास्त होते की दिवसभर, एवढे कळवा. स्केल घ्यायची की नाही ते त्यावरून सांगता येईल.